गावातील दारूच्या सवयी आणि रक्तदाब यांची पाहणी कशी करावी

गावात दारू पिणाऱ्यांचा रक्तदाब न पिणाऱ्यांपेक्षा खरोखर जास्त आहे का, आणि असल्यास किती, हा प्रश्न अनेक उपकेंद्रांत आणि ग्रामसभांत विचारला जातो. उत्तर मात्र बहुधा अंदाजाने दिले जाते. एखाद्या रविवारी समाजमंदिरात शिबिर भरते, शंभरएक लोकांचा रक्तदाब मोजला जातो, ‘दारू पिता का’ या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिले जाते आणि कागद कपाटात जातात. त्या कागदांवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण दारूही नीट मोजलेली नसते आणि रक्तदाबही. आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर, बचत गटांच्या कार्यकर्त्या किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आलेले नर्सिंगचे विद्यार्थी यांना ही पाहणी विश्वासार्ह पद्धतीने करता यावी, यासाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

हा संबंध नव्याने शोधायचा नाही. फ्रान्सचे डॉक्टर कामीय लियाँ यांनी १९१५ मध्येच, भरपूर वाइन पिणाऱ्या सैनिकांमध्ये वाढलेला रक्तदाब अधिक आढळतो, अशी नोंद केली होती. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे या निरीक्षणाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ८० हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीतून तोच संबंध स्पष्ट झाला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२ देशांतील ५२ केंद्रांवर झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या अभ्यासातही जास्त मद्यपान करणाऱ्यांचा रक्तदाब जास्त आढळला. मग गावात पुन्हा मोजायचे कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्या गावात कोण, किती, केव्हा आणि काय पितो हे कॅलिफोर्नियाच्या आकड्यांवरून कळत नाही, आणि ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे पण त्याला स्वतःला ते ठाऊक नाही, असा माणूस घरोघर गेल्याशिवाय सापडत नाही.

कोणाला मोजायचे

शिबिरात आपणहून येणारे लोक म्हणजे गाव नव्हे. शिबिराला वृद्ध येतात, आजारी येतात, मोकळा वेळ असणारे येतात. रोज संध्याकाळी ‘बसणारा’ पस्तिशीचा मजूर मात्र त्या वेळी कामावर असतो किंवा मुद्दाम लांब राहतो. म्हणून ग्रामपंचायतीकडून किंवा आशाताईंच्या नोंदवहीतून सर्व घरांची यादी घ्यावी आणि ठरावीक अंतराने घरे निवडावीत. उदाहरणार्थ, ६०० घरे असतील आणि १५० घरांना भेट देणे शक्य असेल, तर पहिल्या चार घरांतून चिठ्ठी काढून एक घर ठरवावे आणि तेथून पुढे प्रत्येक चौथे घर घ्यावे. वाड्या, पाडे आणि गावाबाहेरच्या वस्त्या यादीत आल्या आहेत याची खात्री करावी, कारण यादीतून गळतात त्या बहुधा त्याच. निवडलेल्या घरातील ३० वर्षे व त्यावरील सर्वांना घ्यावे. सरकारी असंसर्गजन्य आजार तपासणीही याच वयापासून सुरू होते, त्यामुळे आपले काम त्या कामाला जोडता येते. घरी न भेटलेल्या माणसासाठी पुन्हा फेरी मारावीच लागते. न भेटणाऱ्यांतच पिणारे अधिक असण्याचा संभव असतो.

पुरुष आणि स्त्रियांचे आकडे सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील १३.९ टक्के पुरुषांनी आणि केवळ ०.४ टक्के स्त्रियांनी दारू पीत असल्याचे सांगितले; गोव्यात हेच प्रमाण अनुक्रमे ३६.९ आणि ५.५ टक्के होते. न पिणाऱ्यांच्या गटात जवळजवळ सगळ्या स्त्रिया आणि पिणाऱ्यांच्या गटात जवळजवळ सगळे पुरुष असतील, तर दिसणारा फरक दारूचा की स्त्री-पुरुष असण्याचा, हे सांगता येणार नाही.

दारूविषयी कसे विचारायचे

आशाताई भरतात त्या समुदाय आधारित मूल्यमापन तपासणी सूचीत दारूविषयीचा प्रश्न ‘रोज पिता का’ अशा स्वरूपाचा आहे. प्राथमिक चाळणीसाठी तो ठीक आहे, पण आपल्या कामाला तो पुरत नाही. आठवड्याच्या बाजाराला मजुरी हातात पडल्यावर एकाच बैठकीत पूर्ण क्वार्टर संपवणारा माणूस या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो आणि न पिणाऱ्यांत जमा होतो. म्हणून किमान चार गट हवेत: कधीच न घेतलेले, पूर्वी घेत असलेले पण सोडलेले, अधूनमधून घेणारे आणि रोज किंवा जवळजवळ रोज घेणारे. ‘सोडलेले’ हा गट न पिणाऱ्यांत मिसळू नये. अनेकांनी दारू सोडलेली असते ती डॉक्टरांनी बी.पी. वाढल्याचे सांगितल्यावरच, असे लोक न पिणाऱ्यांत घातले, तर न पिणाऱ्यांचाच रक्तदाब जास्त दिसू लागतो आणि दारू निर्दोष ठरते.

प्रश्न एकट्यात विचारावेत. बायको, सासरा, सरपंच किंवा शेजारी समोर असताना मिळालेले उत्तर लिहून घेण्यात अर्थ नाही. स्त्रियांना स्त्री कार्यकर्तीनेच विचारावे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. अशा जिल्ह्यांत ‘मी पितो’ हे सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे, असे लोकांना वाटते. तेथे कागदावर नाव न लिहिता क्रमांक लिहावा, नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या वहीत कुलूपबंद ठेवावी, आणि ही माहिती पोलिसांकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जाणार नाही हे पहिल्याच वाक्यात सांगावे. दिलेला शब्द पाळणे शक्य नसेल तर पाहणी करूच नये, असे माझे ठाम मत आहे. महाविद्यालयाच्या वतीने काम होणार असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती आधी घ्यावी.

बोलण्याची सुरुवात चहा, जेवणातले मीठ, तंबाखू, खर्रा यांपासून करावी आणि मग त्याच सुरात दारूकडे यावे. ‘महिन्यातून साधारण किती’ असे विचारल्यास माणूस एखादा सोयीचा आकडा देतो. त्याऐवजी कालपासून मागे जावे: काल घेतली होती का, परवा, बाजाराच्या दिवशी, त्याआधी? सात दिवस असे मोजल्यावर चित्र बरेच खरे उमटते. बाटली, क्वार्टर, नाइंटी, पेग ही लोकांची मापे जशीच्या तशी लिहावीत आणि हिशेब नंतर आपण करावा.

तो हिशेब सोपा आहे. मिलिलिटरला लेबलवरील अल्कोहोलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे आणि आलेल्या संख्येला ०.७८९ ने गुणावे. उत्तर शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये येते. ४२.८ टक्के लिहिलेल्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल असते, नाइंटीत सुमारे ३० आणि ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. ६५० मिलिलिटरच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम असते, म्हणजे चार पेगांइतके. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्याला हा आकडा जरूर दाखवावा.

मोहाची किंवा हातभट्टीची दारू मात्र या सूत्रात बसत नाही. तिच्यावर लेबल नसते आणि दोन भट्ट्यांच्या दारूची तीव्रता सारखी नसते. अशा ठिकाणी तो माणूस ज्या पेल्यातून किंवा वाटीतून पितो तेच भांडे मागावे, तो भरतो त्या खुणेपर्यंत पाणी ओतावे आणि ते पाणी मापपात्रात घेऊन मोजावे. स्टीलच्या ज्या पेल्याला घरचे ‘छोटा गिलास’ म्हणतात, त्यात कधीकधी २०० मिलिलिटरपर्यंत पाणी मावते. हे मिलिलिटर वेगळ्या रकान्यात लिहावेत. अंदाजाने टक्केवारी धरून त्याचे ग्रॅम करू नयेत. गोव्यात पाहणी असेल तर हुर्राक आणि फेणी यांची नोंदही स्वतंत्र हवी, कारण पहिल्या धारेचा हुर्राक फेणीपेक्षा खूपच सौम्य असतो.

रक्तदाब केव्हा आणि कसा मोजायचा

पाहण्या सर्वांत जास्त फसतात त्या इथे. दारूचा रक्तदाबावरील परिणाम एकसारखा नसतो. ३० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल पोटात गेल्यावर सुमारे बारा तासांपर्यंत रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे रक्तदाब थोडा खाली असतो आणि त्यानंतर तो नेहमीपेक्षा वर जातो. नाडीचे ठोके मात्र या सगळ्या काळात वाढलेले असतात. म्हणजे संध्याकाळी सातला क्वार्टर घेतलेल्या माणसाला रात्री नऊला मोजले तर तो निरोगी दिसेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला मोजले तर त्याच माणसाचा आकडा चढलेला सापडेल. त्यामुळे सर्वांचे मोजमाप शक्यतो सकाळी, ठरलेल्या दोन-तीन तासांतच करावे आणि प्रत्येक नोंदीशेजारी तारीख, वार, वेळ आणि शेवटची दारू किती तासांपूर्वी घेतली हे लिहावे. हा एक रकाना गाळला, तर बाकीच्या कष्टांचे मोल निम्मे होते.

वाराचे महत्त्वही तितकेच आहे. उत्तर आयर्लंड आणि फ्रान्समधील पुरुषांची तुलना करणाऱ्या ‘प्राइम’ अभ्यासात असे दिसले की, बेलफास्टचे पुरुष मुख्यतः शनिवार-रविवारी भरपूर पीत आणि त्यांचा रक्तदाब सोमवारी चढलेला असे, तर रोज थोडी वाइन घेणाऱ्या फ्रेंच पुरुषांत असा चढउतार नव्हता. आपल्याकडे शनिवार-रविवारच्या जागी बाजाराचा दिवस, ऊसतोडीची उचल किंवा हप्ता मिळण्याचा दिवस येतो. एका वस्तीत बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या वस्तीत बाजाराच्या आदल्या दिवशी गेलो, तर वस्त्यांमधला फरक खोटा निघेल. प्रत्येक वस्तीतील भेटी आठवड्याच्या वेगवेगळ्या वारांवर विभागून ठेवाव्यात.

मोजण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते, पण पाळली जात नाही. दंडावर बांधायचे, प्रमाणित केलेले डिजिटल यंत्र वापरावे, मनगटावरचे टाळावे. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी किंवा जड काम झालेले नसावे आणि लघवी करून आलेले असावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, एकावर एक न टाकता पाच मिनिटे शांत बसवावे. खाट किंवा ओसरीची कड यासाठी चालत नाही, खुर्ची बरोबर न्यावी. हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा आणि मोजताना दोघांनीही बोलू नये. एकेका मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजावे, पहिले मोजमाप सोडून द्यावे आणि उरलेल्या दोहोंची सरासरी घ्यावी. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजून ज्या हाताचा आकडा जास्त तोच पुढे वापरावा.

पट्ट्याच्या मापाकडे विशेष लक्ष द्यावे. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, हे बहुतेकांना माहीत असते. किडकिडीत मजुराच्या दंडावर मोठा पट्टा बांधला तर तो खोटा कमी येतो, हे मात्र विसरले जाते. अंगकाठीने बारीक आणि रोज पिणारा माणूस आपल्या गावांत दुर्मीळ नाही, आणि त्याचाच वाढलेला रक्तदाब अशा पट्ट्यामुळे निसटतो. पिशवीत दोन-तीन मापांचे पट्टे आणि एक शिंप्याची टेप असावी. जुने पाऱ्याचे किंवा घड्याळाचे यंत्र वापरणारे शेवटी शून्य येईल असा आकडा गोल करून लिहितात, म्हणून रोज संध्याकाळी नोंदी चाळाव्यात. अशा यंत्रावर सम आकडेच वाचले जातात, त्यामुळे शून्यावर संपणाऱ्या नोंदी साधारण पाचातली एक असाव्यात. पानभर १३०/८० आणि १४०/९० दिसत असेल, तर मोजणाऱ्याला पुन्हा शिकवावे लागेल.

कोणत्या गोष्टी सोबत लिहायच्या

वय, लिंग, वजन, उंची, तंबाखू, कामाचे स्वरूप आणि बी.पी.ची गोळी चालू आहे का, एवढे हवेच. गोळी चालू असणाऱ्याचा आकडा आज १४०/९० च्या खाली असला, तरी त्याला उच्च रक्तदाबाच्या गटातच धरावे. आणि आज गोळी घेतली का हेही विचारावे. ‘दारू घेतलेली असताना गोळी घ्यायची नसते’ असे समजून संध्याकाळची गोळी टाळणारे पुष्कळ असतात. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज खाणाऱ्यांचा रक्तदाब त्या गोळ्यांमुळेही वाढतो, म्हणून तोही प्रश्न असावा. चकण्याची चौकशी जरूर करावी: खारे शेंगदाणे, फरसाण, सुकट, लोणचे यांतून जाणारे मीठ दारूच्या हिशेबात कोणी धरत नाही.

आकड्यांकडे कसे पाहायचे

आकडे हाती आल्यावर पिणाऱ्यांची आणि न पिणाऱ्यांची एकगठ्ठा टक्केवारी काढण्याचा मोह आवरावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, कधीच न पिणारे २०० पुरुष आहेत आणि त्यांतील ७० जणांचा रक्तदाब वाढलेला आहे; रोज पिणारे १०० आहेत आणि त्यांतील ३५ जणांचा वाढलेला आहे. दोन्हीकडे ३५ टक्के, म्हणजे दारूने काही होत नाही, असे ग्रामसभेत कोणीतरी म्हणेल. आता वयाप्रमाणे वेगळे करू. ३० ते ४४ वयात न पिणारे ४० असून त्यांतील ६ जणांचा, म्हणजे १५ टक्क्यांचा, रक्तदाब वाढलेला आहे. त्याच वयाच्या ८० पिणाऱ्यांत २४, म्हणजे ३० टक्के. ४५ ते ६४ वयात न पिणाऱ्या १६० पैकी ६४, म्हणजे ४० टक्के. पिणाऱ्या २० पैकी ११, म्हणजे ५५ टक्के. दोन्ही वयोगटांत फरक १५ टक्क्यांचा आहे, पण न पिणाऱ्यांत वयस्कर अधिक असल्याने तो एकगठ्ठा आकड्यात पूर्ण झाकला गेला. वयासाठी केले तेच तंबाखू आणि वजनासाठी करून पाहावे. एका रकान्यात पाच-सहाच माणसे उरली तर मात्र टक्केवारी लिहू नये, नुसती संख्या लिहावी.

एकदाच केलेल्या पाहणीवरून दारूमुळेच रक्तदाब वाढला, असे म्हणता येत नाही. तो पुरावा प्रयोगांतून आलेला आहे. २०१७ मध्ये अशा ३६ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सहापेक्षा जास्त ‘ड्रिंक’, म्हणजे आपल्या मापात रोज क्वार्टरहून थोडी अधिक, घेणाऱ्यांनी प्रमाण साधारण निम्मे केल्यावर वरचा आकडा सरासरी ५.५ ने आणि खालचा सुमारे ४ ने उतरला. थोडी घेतली तर चालते, असे मानणाऱ्यांसाठी २०२३ चा आढावाही महत्त्वाचा आहे: वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या सुमारे साडेएकोणीस हजार लोकांत रोज १२ ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यांचा वरचा आकडाही न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे सव्वाने जास्त होता, आणि ४८ ग्रॅमला तो फरक जवळजवळ पाचवर गेला. एका माणसाच्या बाबतीत पाच हा आकडा किरकोळ वाटतो. साऱ्या गावाचा आलेख पाचाने सरकला, तर १४० ची रेषा ओलांडणाऱ्यांची संख्या बरीच बदलते, आणि पक्षाघात व हृदयविकार तेथूनच वाढू लागतात.

पाहणीनंतर लगेच काय करायचे

ज्याचे मोजले त्याला त्याचे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून त्याच वेळी द्यावेत. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणालाही बी.पी.चा रुग्ण म्हणू नये. १४०/९० किंवा अधिक आलेल्यांना वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावे आणि तरीही तसाच राहिल्यास उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, जेथे गोळ्या मोफत मिळतात. १८०/११० किंवा त्यावर आकडा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सोबत छातीत दुखणे, धाप, एका बाजूची शक्ती जाणे किंवा अंधुक दिसणे असेल तर १०८ ला फोन करण्यात क्षणाचाही विलंब नको.

दारू कमी करण्याचा सल्ला देण्याआधी एक गोष्ट तपासणे अत्यावश्यक आहे. सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का, नाही घेतली तर हात थरथरतात, घाम येतो का, पूर्वी बंद केल्यावर फिट आली किंवा भास झाले का, हे विचारावे. यांपैकी काही असेल, तर ‘आजपासून बंद’ असे मुळीच सांगू नये. अशा माणसाने अचानक दारू तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तदाब झपाट्याने चढतो, फिट येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते. जवळ व्यसनमुक्ती केंद्र नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. इतरांशी बोलताना उपदेश न करता त्यांचाच आठवडा त्यांच्यापुढे ठेवावा आणि कोणता दिवस किंवा कोणता पेग कमी करता येईल हे त्यांनाच ठरवू द्यावे.

ग्रामसभेत फक्त गटांचे आकडे मांडावेत. लहान वस्तीत ‘अमुक पाड्यावरचे तिघे’ एवढे म्हटले तरी नावे कळतात, म्हणून वस्तीनिहाय तक्ता टाळावा. ज्यांनी प्रमाण कमी केले त्यांच्या रक्तदाबातील फरक काही आठवड्यांतच दिसू लागतो, तेव्हा महिनाभराने त्यांच्याकडे परत जावे. पहिल्या भेटीचा वार, पहिल्या भेटीची वेळ, तेच यंत्र आणि त्याच मापाचा पट्टा वापरून पुन्हा मोजावे, आणि नवा आकडा त्यांच्या जुन्याच चिठ्ठीवर, पहिल्या आकड्याखाली लिहावा.